आप्पांचा दसऱ्याचा बार

बंदुकांच्या दुकानात गिऱ्हाईक फार येत नाही, पण जे येतं ते किस्सा ठेवून जातं. किराणा दुकानात कसं, माणूस आला, साखर घेतली, गेला. आमच्याकडे माणूस वर्षातून एकदा येणार, बसणार, चहा पिणार, पणजोबांपासूनची हकीकत सांगणार आणि उठताना म्हणणार, "येतो, सहज आलो होतो." असे सहज आलेले लोक माझ्या डोक्यात इतके साठलेत की सगळ्यांचं सांगायला बसले तर संध्याकाळचा स्वयंपाक राहील. म्हणून आज फक्त देवळ्याकडच्या दौलतआप्पांचं सांगते. त्यांचं एक जुनं, गंजलेलं रिव्हॉल्वर होतं आणि त्यानं आम्हा सगळ्यांना दोन वर्षं नाचवलं.

*

आधी मी या धंद्यात कशी आले ते ऐका. मी मखमलाबादची. माहेरी भाजीचा मळा, घरात हत्यार म्हणजे विळा आणि कोयता. नव्वदच्या आसपास लग्न झालं ते नाशकात बंदुका दुरुस्त करणाऱ्यांच्या घरात. सासरे नाना यांचं सरकारी परवान्याचं दुकान, खाली दुकान आणि वर आम्ही. नवरा सातपूरला कंपनीत, शिफ्टमध्ये. त्यामुळे काउंटर माझ्या गळ्यात पडला.

माझ्या आईला जावयाकडचा धंदा सांगायची इतकी लाज वाटायची की कुणी विचारलं तर ती म्हणायची, "हार्डवेअरचं दुकान आहे." झालं काय, माझा मामा एक दिवस खरंच बिजागऱ्या घ्यायला आला! भिंतीवर ओळीनं टांगलेल्या बंदुका बघितल्या आणि पिशवी छातीशी धरून तसाच उभा राहिला. नानांनी त्याला बसवलं, चहा पाजला आणि शेजारच्या दुकानातून बिजागऱ्या मागवून दिल्या. अजूनही मामा पाहुण्यांत सांगतो, दुकान चांगलं आहे, माणसंही चांगली आहेत, फक्त माल समोर मांडत नाहीत.

दुकानात तिसरं माणूस म्हणजे आमचे मिस्त्री, युसूफभाई. नानांच्याच वयाचे. बोलायचे कमी. राग आला की चष्मा काढून काच पुसायचे. साधा राग असेल तर एक काच, मोठा असेल तर दोन्ही. आम्ही त्यावरून अंदाज घ्यायचो.

*

तर दौलतआप्पा. दसरा झाला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी हे गृहस्थ एसटीनं उतरून दुकानात हजर. देवळ्याच्या पुढे त्यांचं गाव, घरचा कांदा, अंगावर पांढरं धोतर आणि काखेत लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं. गाठोडं काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, आधी माझं ऐकून घ्या, मग सोडा.

त्यांच्या गावात एक पद्धत होती. दसऱ्याला सगळं गाव मारुतीच्या पारापाशी जमायचं. आप्पांच्या घरातल्या कर्त्या माणसानं रिव्हॉल्वरचा एक बार आभाळात काढायचा आणि त्याशिवाय कुणी कुणाला सोनं द्यायचं नाही. बार झाला की पोलीस पाटील आपट्याचं पहिलं पान त्या घराला द्यायचे. हा मान त्यांच्या वडिलांपासूनचा. आज कुणी असा बार काढला तर थेट आत जाईल, पण तेव्हा खेड्यात चालायचं.

आता अडचण अशी की वडील गेल्यावर रिव्हॉल्वर एकदाही वाजलेलं नव्हतं. पार गंजलेलं. मग बार कसा व्हायचा? तर आप्पा पारावर उभं राहून रिव्हॉल्वर वर धरायचे आणि त्याच क्षणी देवळामागे त्यांच्या मंडळी, सिंधूताई, सुतळी बॉम्बची वात पेटवायच्या! अशी कितीतरी वर्षं निभावून नेली होती.

त्या वर्षी मात्र बॉम्ब निघाला सर्दावलेला. आप्पांनी हात वर केला, चाप ओढला, काही नाही. पुन्हा ओढला. हलवून बघितलं. शेवटी कंटाळून रिव्हॉल्वर कमरेला खोचलं आणि पाटलांच्या पाया पडायला वाकले. ते वाकले आणि देवळामागे धडाम! पाटील दचकून मागच्या माणसाच्या मांडीवर बसले. आणि आप्पा, स्वतःला सगळं माहीत असूनही, कुठं लागलं म्हणून आपलीच कंबर चाचपत राहिले.

गाव पोट धरून हसलं. पण आप्पांचे चुलतभाऊ रावसाहेब हसले नाहीत. त्यांनी नुकतीच नवी कोरी बारा बोअरची बंदूक घेतली होती. ते पारावर चढले आणि म्हणाले, पुढच्या दसऱ्याला यांचं हत्यार स्वतःच्या तोंडानं वाजलं तर ठीक, नाहीतर मान माझ्या घराकडे. पाटलांनीही होकार दिला.

हे सांगून आप्पांनी गाठोड्यावर हात ठेवला. मला म्हणाले, "ताई, बापानं जाताना दोनच गोष्टी हातात दिल्या. माझ्या आईचा हात आन् हे. आई गेली. आता हे तरी वाजलं पाहिजे."

मला तर भरून आलं. नानांनी गाठोडं सोडलं. आत जे होतं ते बघून युसूफभाईंनी चष्मा काढला.

*

आता गंज कशानं येतो? ओलीनं, घामानं, पडून राहिल्यानं. युसूफभाईंनी आयुष्यभर हेच बघितलेलं. पण या रिव्हॉल्वरचा गंज काही वेगळाच होता, चिकट, वास येणारा. त्यांनी हळूहळू एकेक भाग मोकळा केला. नळीतून अक्षता निघाल्या. गोळ्या बसतात त्या चाकातून झेंडूच्या पाकळ्या निघाल्या. चापाच्या मागच्या पोकळीत मुंग्यांचं चांगलं नांदतं घर होतं.

नानांनी आप्पांना विचारलं, तुम्ही याला नक्की करता काय? आप्पा अभिमानानं म्हणाले, काही कमी केलेलं नाही. दर खंडेनवमीला पाटावर घेतो. दूध, दही, तूप, मध, साखर. वरून गरम पाण्यानं आंघोळ. मग हळद, कुंकू, अक्षता, फूल. मग फडक्यात बांधून देव्हाऱ्याखाली पुढच्या वर्षापर्यंत. वडील गेल्यापासून एक वर्ष चुकवलेलं नाही!

म्हणजे वडिलांनी वापरलं म्हणून ते चाललं होतं आणि मुलानं भक्ती केली म्हणून ते बसलं होतं. युसूफभाईंनी दुसरीही काच पुसून घेतली. मग एवढंच म्हणाले, "आप्पा, दुश्मन का हथियार भी कोई ऐसे नहीं रखता."

*

गंज सुटावा म्हणून युसूफभाईंनी ते रॉकेलमध्ये भिजत घातलं. काही दिवसांनी बाहेर काढलं, तेलाच्या फडक्यात गुंडाळलं आणि मुरायला ठेवायचं म्हणून डबा मागितला. दुकानातला डबा गळका, म्हणून नाना वरून सासूबाईंचा स्टीलचा डबा घेऊन आले. एक चूक इथं झाली. सासूबाईंच्या सेटमधले सगळे डबे सारखे. दुसरी चूक म्हणजे तो आठवडा दिवाळीचा होता. तिसरी चूक नवऱ्याची. तो रात्रपाळी करून आलेला, अर्धवट झोपेत. त्याला सांगितलं, ओट्याजवळचा डबा शेजारच्या काकूंकडे फराळाचा म्हणून देऊन ये. आणि नाना नेमका रिव्हॉल्वरचा डबा, आदल्या रात्री दुकान बंद करताना, सुरक्षित राहावा म्हणून वर आणून ओट्याजवळच ठेवून गेलेले!

संध्याकाळी युसूफभाईंनी वरून मागवलेला डबा उघडला तर आत चकल्या.

नानांचं तोंड पांढरं पडलं. परवान्याचं हत्यार शेजारी फराळ म्हणून गेलं हे बाहेर कळलं असतं तर दुकानाला कुलूपच. जाऊन मागावं तरी काय म्हणून मागावं? सासूबाई देवापुढे बसल्या. मी जिन्यात उभी, काकूंच्या दाराकडे डोळे लावून.

थोड्या वेळानं काकू स्वतःच डबा घेऊन आल्या. चेहऱ्यावर काही नाही. म्हणाल्या, फराळ पोचला, छान होता, तेलाचा वास जरा वेगळा वाटला. डबा माझ्या हातात दिला आणि गेल्या. मी उघडून बघते तर तेलकट फडक्यातलं गाठोडं जसंच्या तसं आणि त्याच्यावर केळीच्या पानाचा तुकडा टाकून नीट रचलेले बेसनाचे लाडू. रिकामा डबा परत द्यायचा नसतो ना!

काकूंनी त्या गाठोड्यात डोकावून बघितलं होतं की नव्हतं, हे आजवर आम्हाला कळलेलं नाही. पण आमची स्कूटर त्यांच्या दारात लागते यावरून त्यांचं माझ्या नवऱ्याशी जे रोजचं भांडण होतं, ते त्या दिवाळीपासून कायमचं बंद झालं. लाडू युसूफभाईंनी खाल्ले.

*

होळीपर्यंत रिव्हॉल्वर ओळखू येण्याइतकं साफ झालं. युसूफभाईंनी आप्पांना बोलावून सांगितलं की यापुढे याला दूध-दही लावलंत तर माझ्याकडे आणू नका. आप्पा घाबरले. खंडेनवमीला पूजा नाही केली तर घरात काही वाईट होईल, असं त्यांच्या मनात पक्कं. मग मीच तोडगा काढला. म्हटलं, याचा फोटो काढा आणि फोटोची पूजा करा. काचेवर दूध सांडलं तर पुसता येतं.

आप्पांना कल्पना फार पसंत पडली. दुकानातच फोटोग्राफरला बोलावून, मागे निळा पडदा लावून, रिव्हॉल्वरचा मोठा फोटो काढला. आप्पांनी तो सोनेरी चौकटीत बसवला, वर चंदनाचा हार घातला आणि बैठकीच्या खोलीत वडिलांच्या फोटोशेजारी लावला. खाली लाल दिवा.

महिन्याभरानं आप्पा परत आले ते जरा चिडूनच. म्हणाले, लोक घरी येतात, वडिलांच्या फोटोला हात जोडतात, मग याच्या फोटोला हात जोडतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "हे कधी गेलं?" सटाण्याहून मेहुणे आले होते, ते तर सांत्वन करून गेले. आणि रावसाहेबांनी गावभर केलं की आप्पांचं रिव्हॉल्वर वारलं, आता मानाचा प्रश्नच मिटला.

*

पाऊस संपता संपता निवडणूक लागली. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. आमच्याकडे दुरुस्तीला आहे म्हटल्यावर एरवी भागतं, पण रावसाहेबांनी ठाण्यात मुद्दाम विचारलं की सगळ्यांची जमा झाली, आप्पाचं कुठाय? झालं, आप्पांना निरोप. ठाणं कुठलं ते मी सांगत नाही, तिथल्या लोकांचा काही दोष नव्हता.

रिव्हॉल्वर तेव्हा मोकळं करून ठेवलेलं. एक स्प्रिंग मिळायची होती. वेळ नव्हता, म्हणून युसूफभाईंनी सगळे भाग तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून दिले. ठाण्यातले हवालदार म्हणाले, कागदावर रिव्हॉल्वर एक आहे आणि तुम्ही आणलेत तीन. आप्पा म्हणाले, तिन्ही मिळून एक. हवालदार म्हणाले, मग एक करून द्या. आप्पांना कुठं येतंय? शेवटी हवालदारांनी स्वतःच बाह्या सरसावल्या. आप्पांच्या सांगण्याप्रमाणे जे तयार झालं ते नळाच्या तोटीसारखं दिसत होतं आणि काही भाग उरलेही. मग सगळं पुन्हा सुटं करून मिठाईच्या खोक्यात भरलं, वर आप्पांचं नाव लिहिलं आणि कपाटात ठेवलं.

आचारसंहितेतच दसरा आला. गावातली सगळीच हत्यारं ठाण्यात, रावसाहेबांचंही. त्यामुळे त्या वर्षी कुणाचाच बार नाही आणि पैज पुढच्या दसऱ्यावर गेली. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. वर्षभर मिळालं, काम पण एका स्प्रिंगेवाचून झालंच आहे.

निवडणूक संपल्यावर आप्पा खोकं घेऊन आले. खूश होते. म्हणाले, पोलिसांनी फार चांगलं सांभाळलं. युसूफभाईंनी झाकण उघडलं. दसऱ्याला ठाण्यातही शस्त्रपूजन असतं, हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. जमा झालेली हत्यारंही त्यांनी प्रेमानं टेबलावर मांडली होती. प्रत्येक भागाला हळद, प्रत्येक भागाला कुंकू, नळीत अक्षता, आणि सगळ्यावर दही!

युसूफभाईंनी चष्मा काढला, दोन्ही काचा पुसल्या, चष्मा घातला, परत काढला आणि परत पुसल्या. एवढा राग आम्ही पहिल्यांदाच बघितला. मग ते नानांना म्हणाले, उद्यापासून मी कुलपं दुरुस्त करतो.

*

पण केलं त्यांनी. शेवटी स्प्रिंगही मिळाली. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात दुकानामागच्या वाळूच्या पिंपात चाचणी घेतली. आप्पा कानावर हात ठेवून कोपऱ्यात उभे. एक गोळी, साफ. दुसरी, साफ. आप्पा आधी पिंपाच्या पाया पडले, मग युसूफभाईंच्या. युसूफभाईंनी त्यांना उठवलं आणि परत तीच ताकीद दिली, दूध नाही.

दसऱ्याला आप्पांनी आम्हाला आग्रहानं गावी बोलावलं. नानांची मारुती व्हॅन, पुढे नाना, मागे मी आणि इस्त्रीचा शर्ट घातलेले युसूफभाई. चांदवडवरून दुपारी पोचलो. सिंधूताईंनी पुरणपोळीचं जेवण घातलं. कामाची बाई, बोलणं मोजकं. भांडी आवरताना मला एकटीला गाठून विचारलं, खरंच वाजणार ना? मी म्हटलं, ताई, माझ्यासमोर दोनदा वाजलंय. त्या "बरं" म्हणाल्या आणि काड्याची पेटी कमरेला खोचून देवळाकडे गेल्या. मला वाटलं दिवा लावायला चालल्या आहेत.

उन्हं कलली. पारापाशी सगळं गाव जमलं. एका बाजूला रावसाहेब, बारा बोअर बंदूक नव्या शालीत गुंडाळून घेतलेली. मध्ये पाटील, हातात आपट्याची पानं. आप्पा पारावर चढले. मला बघवेना, मी नानांचा सदरा धरला. आप्पांनी वडिलांचं नाव घेतलं, हात वर केला आणि चाप ओढला.

"टक्."

झाला की बार! अगदी स्वच्छ, एका दमात. पण लहान रिव्हॉल्वर ते, गोळ्याही जुन्या, मोकळ्या रानात त्याचा आवाज होऊन होऊन होणार केवढा? कुणीतरी वाळकी काटकी मोडावी एवढाच. आणि गावाचे कान सुतळी बॉम्बवर वाढलेले.

कुणी हललं नाही. मागून एक म्हातारा म्हणाला, करा की सुरू, किती वेळ. आप्पा सांगायला लागले, झाला, आत्ता झाला, पण त्यांचं कोण ऐकतंय? लोक एकमेकांकडे बघायला लागले. रावसाहेब हसले आणि शाल सोडायला लागले. आप्पांचा चेहरा असा झाला की मला रडूच यायला लागलं. दोन वर्षं हो, आमचीसुद्धा! शेजारी युसूफभाईंनी चष्मा काढला.

तेवढ्यात देवळामागे धडाम!

पाखरं उडाली, कुत्री पळाली, पाराची धूळ आमच्या अंगावर आली. गाव एका तोंडानं ओरडलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. "आत्ता बसला बार!" म्हणत लोक एकमेकांना मिठ्या मारायला लागले. रावसाहेबांनी शाल पुन्हा गुंडाळली.

पाटील पानं घेऊन निघाले. आप्पांनी डोळे पुसले आणि दोन्ही हात पुढे केले. पाटील त्यांच्या समोरून पुढे गेले. रावसाहेबांच्याही समोरून पुढे गेले. कुणाला काही न विचारता, रोजची वाट असावी तसे देवळाला वळसा घालून मागे गेले आणि त्यांच्यामागून अख्खं गाव गेलं. आम्हीही गेलो.

मागे धुरात सिंधूताई उभ्या होत्या. पदर खोचलेला, हातात जळती उदबत्ती. पाटलांनी पहिलं पान त्यांच्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, "सोनं घ्या, वहिनी."

सिंधूताईंनी पान कपाळाला लावलं, पदराला बांधलं. मग गर्दीत रिव्हॉल्वर हातात धरून उभ्या असलेल्या आप्पांकडे बघून विचारलं,

"काय वो, तुम्ही उडवला का? मला तर काय आवाजच नाय आला."